स्पीकर घरी बनवायचे की तयार घ्यायचे? खान्देशातल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

भुसावळला राहतो, नोकरी वेगळीच आहे, स्पीकर हा नाद. आतापर्यंत चार जोड्या बनवल्या. पहिली फेकली, दुसरी भाच्याने नेली (त्याला सांगितलं नाहीये तिच्यात काय चुकलंय), तिसरी आणि चौथी घरात वाजतात. घरी कोणी आलं की तेच तेच प्रश्न येतात, लग्नात भेटलं तरी तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

घरी बनवले तर स्वस्त पडतात ना?

पहिली जोडी नाही पडत भाऊ. माझ्या तिसऱ्या जोडीचा हिशेब वहीत आहे तोच देतो. वूफर (जाड आवाज काढणारे) दोन ३६००, ट्विटर (बारीक आवाज काढणारे) दोन २४००, क्रॉसओव्हरच्या (आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या सर्किटच्या) कॉइल-कंडेन्सर १८००, एमडीएफ (लाकडाच्या लगद्याचा दाबलेला बोर्ड) १५००, सुताराची मजुरी १५००, व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) ९००, मागचे टर्मिनल आणि वायर ४००. झाले १२,१००. ऐकायला बरं वाटतं, पण त्याआधी चुकीचे घेतलेले ट्विटर, जळालेला एक बोर्ड, दोनदा मुंबईची खेप आणि बायकोला कबूल केलेलं मिक्सर हे त्यात धरलेलं नाही. राउटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि होल-सॉ (गोल भोकाची करवत) नसेल तर तेही आलं. दुसऱ्या जोडीपासून हत्यारं फुकट पडतात आणि चुकाही कमी होतात, तेव्हा कुठे फायदा दिसायला लागतो.

मग बनवायचेच कशाला?

कारण तेवढ्याच पैशात माल चांगला बसतो. दुकानातल्या १२ हजाराच्या जोडीत कंपनीचा नफा, डीलरचा नफा, जाहिरात, रंगीत खोका, ट्रकचं भाडं आणि टॅक्स असतो, ते सगळं वजा करून जे उरतं त्यात ड्रायव्हर (म्हणजे वूफर आणि ट्विटर) आणि लाकूड बसवायचं असतं. म्हणून स्वस्त तयार स्पीकर उघडून बघा, ट्विटरला एकच कंडेन्सर लावलेला असतो, वूफरला काहीच नाही, आणि डबा १२ एमएमच्या भुश्याच्या बोर्डाचा. घरी बनवताना नफा-खोका-जाहिरात नाही त्यामुळे सगळा पैसा ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरमध्ये जातो.

पण उलटी बाजू पण सांगतो. कंपनीकडे प्रतिध्वनी न येणारी खोली असते, मोजायचे माईक असतात, हेच काम करणारे इंजिनियर असतात, आणि ते हजारांनी ड्रायव्हर उचलतात म्हणून त्यांना तोच माल आपल्यापेक्षा खूप कमी भावात पडतो. चांगल्या कंपनीने नीट मोजून बनवलेला साधा स्पीकर, आपण अंदाजपंचे बनवलेल्या महागड्या स्पीकरला धुऊन काढतो. माझी पहिली जोडी तशीच धुऊन निघाली होती, शेजाऱ्याच्या जुन्या म्युझिक सिस्टीमकडून.

मला फक्त टीव्हीचा आवाज मोठा पाहिजे.

तयार साउंडबार घ्या. पुढचं वाचू नका.

मंगळवारी पार्सल येईल आणि रविवारी वाजेल असं होईल का?

नाही. तीन-चार रविवार धरा. फेविकॉल वाळायलाच रात्र जाते, आणि पावसाळ्यात दोन.

"हाऊ कितला वॅटना शे भो?" (हा किती वॅटचा आहे भाऊ?)

गावाकडून कोणीही आलं की पहिला प्रश्न हाच. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसतो, किती मोठा वाजतो ते नाही. किती मोठा वाजतो ते सेन्सिटिव्हिटीवर असतं, म्हणजे एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजला तर किती डीबी (आवाज मोजायचं माप). आवाज ३ डीबीने वाढवायला वॅट दुप्पट लागतात, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डीबी, म्हणजे दहापट वॅट. आता ८४ डीबीचा स्पीकर आणि ९० डीबीचा स्पीकर शेजारी ठेवा, ९० वाल्याला २० वॅट दिले तर तेवढाच आवाज काढायला ८४ वाल्याला ८० वॅट लागतील. म्हणूनच लग्नातला भोंगा थोड्या वॅटवर अख्ख्या गावाला ऐकू जातो आणि तुमचा "१००० वॅट पीएमपीओ"वाला डबा ओसरीच्या बाहेर जात नाही. पीएमपीओ हा आकडा खोक्यावर छापण्यापुरता असतो, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस (म्हणजे सतत टिकणारे वॅट) किती ते विचारा. दुकानदार गप्प बसला तर समजून जा.

कंपन्या ड्रायव्हर स्वतःच बनवतात का?

काही बनवतात, बऱ्याच बाहेरून घेतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीबीसीचं. १९७० च्या दशकात त्यांना बाहेरच्या कार्यक्रमाच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून आवाज तपासायला छोटा स्पीकर पाहिजे होता म्हणून त्यांच्या इंजिनियर लोकांनी एलएस३/५ए नावाचा बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा डबा बनवला. आतले दोन्ही ड्रायव्हर केईएफ कंपनीचे, आणि बनवून विकायचं लायसन्स दिलं रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा वेगवेगळ्या कंपन्यांना. ड्रायव्हर सगळ्यांना तेच, खरी करामत डब्यात आणि क्रॉसओव्हरमध्ये. त्यामुळे "अमुक कंपनीचा वूफर मिळाला, आता काम झालं" असं म्हणू नका, तो तर नुसता बैल आहे, गाडी अजून बनवायचीय.

डब्याचं माप कसं काढायचं? सुतार म्हणतो "तुम्ही सांगा, मी कापतो".

सुतार बरोबर म्हणतो. माप ड्रायव्हर सांगतो. प्रत्येक चांगल्या ड्रायव्हरच्या कागदावर काही आकडे असतात, त्यातले तीन बघायचे, एफएस (पडदा मोकळा असताना कोणत्या सुराला स्वतःहून हलतो), क्यूटीएस (त्या हलण्याला किती लगाम आहे) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर). ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं, पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं, म्हणून यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. त्याआधी डबा बनवायचा, ऐकायचा, परत कापायचा असाच बराचसा कारभार होता. आपल्याकडे अजून तोच आहे म्हणा. हे आकडे विनआयएसडी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की किती लिटरचा डबा ते कळतं. ढोबळ सांगायचं तर क्यूटीएस ०.३ ते ०.४५ असेल तर पाईपवाला म्हणजे पोर्टेड डबा, ०.५ च्या वर असेल तर बंद डबा. कागदच मिळत नसेल तर तो ड्रायव्हर घेऊ नका, दुकानदार कितीही "एकदम डिट्टो कंपनी" म्हणू दे.

लिटर मोजताना बाहेरून नाही, आतून मोजायचं, इथे भले भले चुकतात. समजा बाहेरून २०० बाय ३५० बाय २५० एमएमचा डबा आहे आणि बोर्ड १८ एमएमचा. प्रत्येक मापातून ३६ वजा करा, राहिले १६४, ३१४ आणि २१४. गुणाकार केला की ११ लिटर. बाहेरच्या मापाने केलं असतं तर साडेसतरा आले असते. वूफरचं मॅग्नेट, आतली आडवी पट्टी, क्रॉसओव्हर यांची जागा परत वजा करायची.

पाईपचं पण तसंच. त्या ११ लिटरला ५५ हर्ट्झवर ट्यून करायचं (म्हणजे डबा त्या जाड सुराला घुमेल असं करायचं) असेल तर आतून ५० एमएमचा पाईप साधारण १४ सेंमी लांब लागतो. प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाईप मस्त चालतो, शेतात ठिबकच्या कामातला उरलेला असेल तर तोच घ्या, फक्त आतला व्यास मोजून. सुरुवातीला १७-१८ सेंमी ठेवा आणि ऐकत ऐकत कापा, कापलेला परत वाढत नाही. आणि पोर्टेड डब्यात ट्यूनिंगच्या खाली कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून हवेचा आधार राहत नाही, नुसता फडफडतो, तेव्हा छोट्या वूफरवर बास बूस्ट फुल करून ठेवू नका.

एवढं सगळं सांगूनही माझं मत असं की पहिली जोडी स्वतः डिझाईन करायचीच नाही. कोणीतरी मोजून, तपासून टाकलेलं फुकट डिझाईन घ्यायचं, तेच ड्रायव्हर, तीच मापं, तेच कंडेन्सर, एकही गोष्ट "त्याच्यापेक्षा आपल्याकडे भारी मिळतं" म्हणून बदलायची नाही.

आमच्याकडे सातपुड्याचं जुनं सागवान पडलंय, त्याचा करू का?

सगळ्यांना हेच करायचं असतं, नवापूर-तळोद्याकडचे तर हमखास. दिसायला काय सुंदर दिसतं! पण सलग लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आकसतं. चारी बाजू फेविकॉलने घट्ट धरलेल्या असल्या की कुठेतरी तडा जातो. तडा गेला की हवा गळते आणि बास पातळ होतो. डबा १८ एमएम एमडीएफचा किंवा चांगल्या प्लायवूडचा करा आणि वरून सागाचं व्हिनियर लावा. एमडीएफला पाणी लागलं तर पावासारखा फुगतो, म्हणून कापलेल्या कडा आधी सील करा, नाहीतर कूलरच्या शेजारी ठेवलेला डबा एका उन्हाळ्यात खालून उमलतो. कोणाच्या घरचा डबा उमलला होता ते विचारू नका.

आत घालायला घरचा कापूस चालेल का? कापसाच्या गावात विकत कशाला आणायचं?

चालतो, पण टिकत नाही. कापूस दबून खाली बसतो, ओल धरतो, आणि उंदराला तर तो आपल्यासाठीच ठेवलाय असं वाटतं. उशा भरतात तो पॉलिस्टर फायबर घ्या, गादीवाल्याकडे किलोवर मिळतो, विस्कटून भरायचा. बंद डब्यात सगळीकडे, पोर्टेड असेल तर भिंतींना नुसतं अस्तर आणि पाईपचं तोंड मोकळं.

वूफरचं भोक गोल कसं कापायचं?

थाळी ठेवून पेन्सिल फिरवू नका. खिळ्याला दोरा बांधूनही नको कारण दोरा ताणला जातो, लाकडाची पातळ पट्टी घ्या, एका टोकाला खिळा आणि बरोबर त्रिज्येवर पेन्सिलीचं भोक. ड्रायव्हरच्या कागदावर कटआउट किती लिहिलंय ते घ्यायचं, ड्रायव्हरचा बाहेरचा व्यास नाही. "सहा इंची" म्हणजे भोक सहा इंचाचं नसतं हे मी एक बोर्ड वाया घालवून शिकलो.

क्रॉसओव्हरचा तयार बोर्ड मिळतो की दोन-तीनशे रुपयात, तोच लावला तर?

वाजेल. नीट नाही वाजणार. तो बोर्ड असं धरून चालतो की तुमचा वूफर म्हणजे कायम ८ ओहम. खरा वूफर मल्टिमीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, त्याच्या रेझोनन्सला (ज्या सुराला तो स्वतःहून हलतो तिथे) ३०-४० ओहमपर्यंत चढतो आणि वरच्या आवाजात कॉइलमुळे परत वाढत जातो. पुस्तकातल्या गणिताने ८ ओहमला ३००० हर्ट्झवर कापायला ६.६ मायक्रोफॅरड येतात, दुकानात ६.८ चा मिळतो, लावला की कळतं गणितात नसलेल्या दहा गोष्टी ड्रायव्हरमध्ये आहेत. शिवाय डबा २० सेंमी रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खालचा आवाज पुढे न राहता मागेही वळायला लागतो, त्यामुळे आवाज पातळ, कर्कश वाटतो, ते पण क्रॉसओव्हरनेच भरून काढायचं असतं. तयार बोर्डाला तुमच्या डब्याची रुंदी कुठून माहीत असणार?

माझी गंमत सांगतो. दुसऱ्या जोडीत डिझाईनवाल्याने स्पष्ट लिहिलं होतं, ट्विटर उलटा जोडा. मी म्हटलं ही छपाईची चूक, प्लसला प्लसच लागतं, लहानपणापासून टॉर्चमध्ये हेच शिकलोय. जोडला. तबला छान, बासरी छान, पण गाणारी बाई अशी वाटायची की मोरीत उभी राहून गातेय. दोन महिने मी खोलीला दोष दिला, मग अ‍ॅम्प्लिफायरला दिला. शेवटी एका रविवारी ट्विटरच्या दोन वायरी उलट्या केल्या आणि बाई मोरीतून बाहेर येऊन समोर बसली. त्या प्रकारच्या क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्विटर जिथे भेटतात तिथे दोघं एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि आवाज खाऊन टाकतात, उलटं जोडलं की बरोबर एकत्र येतात. लिहिलेलं असतं ते वाचायचं.

वूफरचा प्लस कोणता ते कळत नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा आणि क्षणभर टेकवा. कोन "फट्" करून बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. ट्विटरवर हा प्रयोग करू नका.

सामान कुठे मिळतं?

वायर, टर्मिनल, सोल्डर, छोटे बोर्ड जळगावला गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला. कागदवाले चांगले ड्रायव्हर मात्र मुंबईला लॅमिंग्टन रोड नाहीतर ऑनलाईन. आपल्याला भुसावळहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई, त्यामुळे मी जातो. एकदा एका दुकानाने "ओरिजिनल" म्हणून दिलेला वूफर घरी आणून वजन केला तर कागदावरच्यापेक्षा जवळजवळ निम्मा, मॅग्नेटला नुसतं रबराचं मोठं टोपण घातलेलं. तेव्हापासून पिशवीत छोटा वजनकाटा असतो, दुकानदार हसतात, हसू द्या.

४४४० च्या (जुन्या अ‍ॅम्प्लिफायर आयसीच्या) किटवर चालतील का?

ज्याने लहानपणी सोल्डरिंग केलं त्याने ४४४० केलंच आहे. पण ती सान्योची आयसी दोन चॅनलला ६-६ वॅटची, ब्रिज केली (दोन्ही चॅनल एकत्र जोडले) तर १९. दुकानात तिच्याच बोर्डवर "१०० वॅट" चिकटवलेलं असतं. छोट्या खोलीत, हळू आवाजात चालेल. त्यापेक्षा टीपीए३११६ या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचा बोर्ड आणि जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर घ्या, ८ ओहमला २० वॅटच्या आसपास स्वच्छ मिळतात, फार गरम होत नाही आणि व्होल्टेज खाली-वर झालं तरी चार्जर सांभाळून घेतो. खेड्यावर संध्याकाळी लाईट मंद होते तिथे हा मोठा फायदा आहे, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज लाईटबरोबर बसतो.

डीजेसारखा बास येईल का? खान्देशी गाणी लावायचीत.

पाच-सहा इंचात नाही येणार. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. डीजेवाले १८ इंची वूफर रचून लावतात ते काही हौसेने नाही. घरात तो धमाका पाहिजेच असेल तर वेगळा सबवूफर करा, आणि रात्री दहाच्या पुढे बंद करा, वस्तीत रात्री ४५ डीबीची मर्यादा आहे आणि शेजारी तर त्याच्याही आधी येतात. आखाजीची, कानबाईची (आपल्या खान्देशातल्या सणांची) गाणी, बायकांचा नुसता आवाज आणि टाळ्या, हे मात्र छोट्या चांगल्या स्पीकरवर असं वाजतं की आईने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं होतं, कोण आलंय?

गाडीचा वूफर घरी लावू का?

बहुतेक ४ ओहमचे असतात, अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहम सोसतो का ते बघा. सोसत असेल तर सबवूफरला चालतो.

महागडी वायर?

घरातल्या लाईट फिटिंगची दीड स्क्वेअरची तांब्याची वायर. पुढचा प्रश्न.

खोलीमुळे फरक पडतो का?

स्पीकरपेक्षा जास्त. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) जुन्या घरात, जाड मातीच्या भिंती, वर लाकूड, खाली सारवलेलं, तिथे माझी फेकलेली जोडीसुद्धा बरी वाजली असती. आताच्या स्लॅबच्या खोलीत, खाली चकचकीत टाईल्स, काचेचं शोकेस, टाळी वाजवली तर टणटण ऐकू येतं. सतरंजी टाका, मागच्या भिंतीवर आजीची जाड गोधडी टांगा. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. आणि मे महिन्यात बारकावे ऐकायचा हट्ट सोडा, कूलर चालू असताना दहा लाखाचा स्पीकरही दहा हजाराचाच वाटतो.

तयारच घ्यायचे ठरवले तर काय बघू?

स्वतःच्या ओळखीची तीन गाणी घेऊन जा, दुकानदाराची नको, त्याची गाणी त्याच्या स्पीकरला मानवणारीच असतात. एक नुसत्या आवाजाचं, एक तबल्याचं, एक गर्दीचं. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, जो थोडा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. डब्यावर बोटाच्या पेराने टकटक करा, मडक्यासारखा घुमला तर सोडा, दारासारखा ठक्क वाजला तर बरा. कोनच्या कडेला फोम आहे की रबर बघा, फोम काही वर्षांनी भुसा होऊन गळतो, रबर टिकतो. जुना घ्यायला पण हरकत नाही, फोम गेलेला असला तर बदलता येतो आणि त्यावरून भाव पण पाडता येतो. कोलकात्याच्या सोनोडाईनसारख्या आपल्या इथल्या कंपनीची जुनी जोडी चांगल्या अवस्थेत दिसली तर मी तरी थांबून ऐकेन.

परत विकायचा विचार असेल तर तयारच घ्या. घरी बनवलेल्याला कोणी विचारत नाही. मी एकदा विकायला काढली होती, बघायला आलेला गृहस्थ चहा पिऊन, भरीत-पुरी खाऊन, "ह्या डबामा नाव कोठे शे?" विचारून निघून गेला.

सगळं जोडलं, पण एका स्पीकरमधून फरफर येते.

आधी मोबाईलवर टोन जनरेटर लावा आणि ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत चढवा. जिथे फरफर येईल तिथे थांबा, तो टोन चालू ठेवून हाताने एकेक जागा दाबत जा. मागचं टर्मिनल, वूफरचे स्क्रू, समोरची जाळी, आतली सैल वायर जी कोनला घासते. हवा गळत असेल तर उदबत्ती कडेने फिरवा, धूर हलतो. एवढं करून सापडलं नाही तर डबा उचलून दुसऱ्या खोलीत न्या. मी वूफर तीन वेळा काढून बसवला होता, नवीन गॅस्केट लावलं, आणि फरफर करत होता शोकेसमधला लग्नात आलेला स्टीलचा डिनर सेट.